कपाट भरलंय, पण "तो" कप नाही: एडमंटन ऑइलर्सच्या ट्रॉफ्यांचा हिशोब

जून २०२४ ची गोष्ट. माझा मावसभाऊ बरीच वर्षं कॅनडात एडमंटनला असतो, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, तर त्या दादाने आदल्या दिवशी बजावून ठेवलं होतं की उद्या पहाटे साडेपाचला उठायचं, आमच्या ऑइलर्सची फायनलची सातवी मॅच आहे, आयुष्यात एकदा तरी बघ. उठलो, चहा घेऊन बसलो. पक नक्की कुठे जातोय हे डोळ्यांना कळेपर्यंत तीनपैकी दोन पिरियड संपले होते (आइस हॉकीत बॉल नसतो, रबराची काळी चपटी चकती असते, तिला पक म्हणतात) आणि शेवटी ऑइलर्स फ्लोरिडा पँथर्सकडून २-१ ने हरले. खरी गंमत त्यानंतर. लीगचे कमिशनर गॅरी बेटमन माइकवर आले, प्लेऑफ्समधला, म्हणजे बाद फेऱ्यांमधला, सर्वोत्तम खेळाडू जाहीर केला, आणि नाव निघालं हरलेल्या टीमच्या कॅप्टनचं, कॉनर मॅकडेव्हिडचं. आणि तो आलाच नाही! ट्रॉफी तिथेच, हा ड्रेसिंग रूममधे.

मी दादाला मेसेज टाकला, हे काय, उद्धटपणा नाही का हा? त्याचा रिप्लाय एका ओळीचा होता: "अरे, त्याला ती ट्रॉफी नको होती."

मग कुठली हवी होती, आणि या खेळात एवढ्या ट्रॉफ्या आहेत तरी किती, हे समजून घेता घेता मी त्यात पार अडकलो. ऑइलर्सचंच उदाहरण घेऊन सांगतो, कारण या एका टीमच्या कपाटात जवळपास सगळे नमुने सापडतात.

आपल्याकडे कॉलेजात एकांकिका स्पर्धा केलेल्यांना हे पटकन कळेल. तिथे सांघिक पहिलं असतं, त्याला करंडक, आणि तो फिरता असतो, वर्षभर ठेवायचा आणि परत द्यायचा. मग वैयक्तिक बक्षिसं, अभिनय, दिग्दर्शन, प्रकाशयोजना वगैरे. आणि रात्री निकाल लागल्यावर "अभिनयाचं पहिलं आलं पण करंडक गेला" म्हणून बसमधे तोंड पाडून बसलेली मुलं पण आपण बघितलीयत. एनएचएल म्हणजे नॅशनल हॉकी लीगचं गणित डिट्टो तेच, फक्त वैयक्तिक बक्षिसांची संख्या आपल्यापेक्षा बरीच जास्त.

आधी सीझन कसा चालतो ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. ३२ टीम्स, ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येकीच्या ८२ मॅचेस, याला रेग्युलर सीझन म्हणतात. त्यातल्या १६ टीम्स प्लेऑफ्सला जातात, तिथे चार राऊंड, आणि प्रत्येक राऊंड सात मॅचेसची, जो आधी चार जिंकेल तो पुढे. म्हणजे कप उचलायचा तर १६ मॅचेस जिंकायच्या, दोन महिने, एक दिवसाआड, तुटलेल्या बरगड्या घेऊन. हे दोन भाग डोक्यात वेगवेगळे ठेवा, कारण अर्धा गोंधळ इथेच होतो: हार्ट वगैरे मोठमोठी बक्षिसं ही रेग्युलर सीझनचीच असतात, त्यांची मतं प्लेऑफ्स सुरू व्हायच्या आधीच दिलेली असतात, फक्त समारंभ नंतर होतो.

आता करंडक, म्हणजे स्टॅनली कप. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनली यांनी १८९२ मधे तो दिला आणि १८९३ पासून तो दिला जातोय, आधी हौशी क्लबांना, पुढे व्यावसायिक टीम्सना. वजन साधारण साडेपंधरा किलो, आणि त्यावर जिंकलेल्या टीममधल्या प्रत्येक खेळाडूचं नाव कोरतात. टीमचं नाही हो फक्त, माणसांची नावं! खेळाडू, कोच, मालक, सगळे. त्यासाठी नियम आहे, रेग्युलर सीझनच्या निम्म्या म्हणजे ४१ मॅचेस खेळलेला पाहिजे किंवा फायनलची निदान एक. खालच्या ड्रमसारख्या भागाला पट्ट्या असतात, एका पट्टीवर १३ वर्षांचे विजेते मावतात, सगळ्या भरल्या की सगळ्यात वरची जुनी पट्टी काढून टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममधे ठेवतात आणि खाली नवी कोरी जोडतात. उन्हाळ्यात प्रत्येक खेळाडूला हा कप एक दिवस घरी न्यायला मिळतो, सोबत सांभाळायला माणूस असतो. आपल्याकडे गणपती एकेक दिवस एकेकाच्या घरी नेल्यासारखंच वाटलं मला ते.

ऑइलर्सनी हा कप पाचदा जिंकला: १९८४, ८५, ८७, ८८ आणि ९०. सात वर्षांत पाच! आणि पाचही वर्षं कपाच्या एकाच पट्टीवर आहेत. त्या पट्टीवर १९८४ च्या नावांमधे एक मजेशीर जागा आहे, तिथे नाव नाही, सोळा "एक्स" ची रांग आहे. झालं असं की तेव्हाचे टीमचे मालक पीटर पॉकलिंग्टन यांनी यादीत गुपचूप आपल्या वडिलांचं, बेसिल पॉकलिंग्टन यांचं नाव घुसवलं. वडिलांचा टीमशी काडीचा संबंध नाही. नाव कोरलं पण गेलं! लीगच्या लक्षात आल्यावर चांदीवरून खोडता तर येत नाही, म्हणून एकेका अक्षरावर एक्स मारले. लग्नपत्रिकेत "आपले विनम्र" खाली हळूच आणखी एक नाव सरकवणारे काका आपल्याकडेच असतात असं नाही.

वैयक्तिक बक्षिसांकडे येऊ. यांचे दोन प्रकार, मोजून मिळणारी आणि मतांनी मिळणारी.

मोजून मिळणारं मुख्य म्हणजे आर्ट रॉस ट्रॉफी, सीझनमधे सगळ्यात जास्त पॉइंट्स करणाऱ्याला. गोल केला की एक पॉइंट, आणि त्या गोलआधी ज्यांनी पास दिले अशा जास्तीत जास्त दोघांना असिस्टचा एकेक पॉइंट. आयपीएलची ऑरेंज कॅप समजा, वाद नाही, आकडा बोलतो. वेन ग्रेट्झ्कीने ऑइलर्सकडून १९८१ ते ८७ सलग सात वर्षं ही नेली. १९८५-८६ मधे तर ८० मॅचेसमधे २१५ पॉइंट्स, हा रेकॉर्ड अजून कोणाच्या बापाला तुटलेला नाही. पण त्याच्या एनएचएलमधल्या पहिल्या वर्षीची, १९८० ची आर्ट रॉस त्याला मिळाली नाही ते वाचून हसू येतं. त्याचे १३७ पॉइंट्स आणि लॉस एंजेलिस किंग्जच्या मार्सेल डिऑनचे पण १३७. टाय झाला तर ज्याचे गोल जास्त त्याची ट्रॉफी, डिऑनचे ५३, याचे ५१. संपला विषय.

त्याच वर्षी दुसरा किस्सा. नवख्या खेळाडूसाठी कॅल्डर ट्रॉफी असते. १९ वर्षांचा पोरगा, लीगमधलं पहिलंच वर्ष, १३७ पॉइंट्स, तरी त्याला "नवखा" धरलंच नाही, कारण आदल्या वर्षी तो आणि ऑइलर्स डब्ल्यूएचए नावाच्या दुसऱ्या व्यावसायिक लीगमधे खेळले होते. ती लीग बंद पडून ऑइलर्स १९७९ मधे एनएचएलमधे आले होते. बरं, नियम आहे तर आहे. पण ३६ वर्षांनी मॅकडेव्हिडचं पहिलं वर्ष, हाडाला फ्रॅक्चर होऊन तो अर्धा सीझन बाहेर, ४५ मॅचेसमधे ४८ पॉइंट्स, आणि कॅल्डर कोणाला, तर शिकागोच्या आर्टेमी पनारिनला, जो आधी रशियातल्या मोठ्या लीगमधे कित्येक सीझन खेळून आला होता. नियमात बसत होतं ते, आता वयाची अट २६ ची आहे. पण एडमंटनवाल्यांच्या पोटात दुखणारच ना. ऑइलर्सच्या कपाटात कॅल्डर अजून एकही नाही.

गोल सगळ्यात जास्त करणाऱ्याची वेगळी ट्रॉफी, मॉरिस रिशारच्या नावाची, ती सुरूच झाली १९९९ मधे. म्हणजे ग्रेट्झ्कीने १९८१-८२ मधे एका सीझनमधे ९२ गोल मारले त्याची त्याला वेगळी ट्रॉफी मिळालीच नाही, कारण ती अस्तित्वातच नव्हती! ऑइलर्सला ती मिळवून दिली मॅकडेव्हिडने २०२३ मधे ६४ गोल करून, आणि लिऑन ड्रायसाइटलने २०२५ मधे ५२ गोल करून.

मतांनी मिळणाऱ्यांत सगळ्यात मोठी हार्ट ट्रॉफी. पत्रकार मत देतात, प्रत्येकाने पाच नावं क्रमाने लिहायची, पहिल्याला १० गुण, मग ७, ५, ३, १. आणि तिची व्याख्या नीट वाचा: "आपल्या टीमसाठी सर्वात मोलाचा खेळाडू". सर्वात भारी खेळाडू नाही हं, टीमसाठी मोलाचा. तिच्या शेजारी टेड लिंडसे अवॉर्ड, पूर्वी याला लेस्टर पिअरसन म्हणायचे, २०१० मधे नाव बदललं, ते खेळाडू स्वतः मत देऊन ठरवतात आणि तिथे प्रश्न सरळ असतो की यंदा सगळ्यात भारी कोण.

दोन्हींत फरक काय पडतो म्हणाल तर २०१८ बघा. मॅकडेव्हिडने १०८ पॉइंट्स करून आर्ट रॉस जिंकली, खेळाडूंनी टेड लिंडसे पण त्यालाच दिलं. हार्ट मात्र गेली न्यू जर्सीच्या टेलर हॉलला. कारण ऑइलर्स त्या वर्षी प्लेऑफ्सला पोचलेच नव्हते आणि हॉल आपल्या टीमला खेचून घेऊन गेला होता. आता मीठ चोळतो: हा हॉल आधी ऑइलर्सचाच होता, त्यांनीच २०१६ मधे त्याला एका डिफेन्समनच्या बदल्यात देऊन टाकलं होतं. उलट उदाहरण १९८६ चं. ग्रेट्झ्कीचे २१५, पिट्सबर्गच्या मारिओ लेम्यूचे १४१, पत्रकारांनी हार्ट ग्रेट्झ्कीला दिली आणि खेळाडूंनी आपलं मत टाकलं लेम्यूला! ७४ पॉइंट्सचा फरक असून. मला तरी वाटतं की तोपर्यंत सगळे ग्रेट्झ्कीला जरा कंटाळलेच असतील, कारण १९८० ते ८७ सलग आठ वर्षं हार्ट तोच नेत होता, पुढे मार्क मेसिएने १९९० मधे एक मिळवली. मॅकडेव्हिडच्या तीन, २०१७, २०२१ आणि २०२३, त्यातल्या २०२१ ला शंभरच्या शंभर पत्रकारांनी त्यालाच पहिला क्रमांक दिला. ड्रायसाइटलची २०२० ची, कोविडमुळे सीझन मधेच थांबला तेव्हा ७१ मॅचेसमधे त्याचे ११० पॉइंट्स होते, आणि हार्ट मिळवणारा तो पहिला जर्मन.

बाकीच्या भराभर सांगतो. डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी, ऑइलर्सकडून पॉल कॉफीने दोनदा, १९८५ आणि ८६. गोलकीपरची वेझिना, ही टीम्सचे जनरल मॅनेजर ठरवतात, १९८८ मधे ग्रँट फ्यूरला, त्या वर्षी बाबाने ८० पैकी ७५ मॅचेस खेळल्या होत्या. कोचची जॅक ॲडम्स, १९८६ मधे ग्लेन सेदर. सभ्य खेळाची लेडी बिंग, ग्रेट्झ्की १९८० आणि यारी कुरी १९८५. समाजकार्याची किंग क्लॅन्सी केविन लो, इथन मोरो, अँड्र्यू फेरेन्स यांना वेगवेगळ्या वर्षी.

आता जरा मागे जाऊन एक गोष्ट बघा, १९८६ हे साल किती वेळा आलं वर. हार्ट ग्रेट्झ्की. आर्ट रॉस ग्रेट्झ्की. नॉरिस कॉफी, त्याने डिफेन्समन असून ४८ गोल मारले होते. कोच सेदर. शिवाय त्याच वर्षापासून रेग्युलर सीझनमधे पहिल्या आलेल्या टीमसाठी प्रेसिडेंट्स ट्रॉफी सुरू झाली, तिची पहिलीवहिली मानकरी पण ऑइलर्सच, ११९ पॉइंट्स (हे टीमचे पॉइंट्स, जिंकलं की दोन असे, खेळाडूच्या पॉइंट्सशी गल्लत करू नका). आदली दोन वर्षं कप पण यांच्याकडेच. म्हणजे बक्षीस समारंभाला गाडी भरून न्यावी लागेल अशी अवस्था.

आणि दुसऱ्याच राऊंडला घरी!

३० एप्रिल १९८६, समोर कॅलगरी फ्लेम्स, शेजारच्या गावचे, पक्के वैरी. सातवी मॅच, २-२ बरोबरी, तिसरा पिरियड. ऑइलर्सचा तरुण डिफेन्समन स्टीव्ह स्मिथ आपल्याच गोलमागून पास द्यायला गेला, पक आपल्याच गोलकीपरच्या, फ्यूरच्या पायाला लागला आणि आत. स्वतःच्याच गोलमधे. त्या दिवशी त्याचा २३ वा वाढदिवस होता. गोल नावावर लागला कॅलगरीच्या पेरी बेरेझनच्या, कारण आइस हॉकीत स्वयंगोल समोरच्या टीममधे ज्याचा पकला शेवटचा स्पर्श झाला त्याच्या खात्यात जातो, आणि तो बेरेझन तेव्हा बेंचवर बसलेला होता, शिवाय गडी मूळचा एडमंटनचाच. ३-२ ने मॅच गेली, स्मिथ बर्फावर गुडघ्यांवर बसून रडला.

आज एडमंटनमधे १९८६ म्हटलं की कोणी २१५ पॉइंट्स म्हणत नाही, नॉरिस म्हणत नाही, पहिली प्रेसिडेंट्स ट्रॉफी तर नाहीच नाही. दादा तर तिकडे गेला २००० नंतर, तरी त्याला हा स्मिथचा गोल आपण बघितल्यासारखा सांगता येतो. पुढच्या वर्षी, १९८७ मधे, ऑइलर्सनी फिलाडेल्फियाला सातव्या मॅचमधे हरवून कप परत आणला. रिवाज असा की कॅप्टनने कप आधी घ्यायचा आणि मग तो ज्याच्या हातात देईल तो मोठा मान. ग्रेट्झ्कीने कप घेतला आणि पहिल्यांदा दिला स्टीव्ह स्मिथला. यासाठी कुठली ट्रॉफी नसते, पण माझ्या मते या टीमच्या इतिहासात एवढा मोठा सन्मान दुसऱ्या कोणाला मिळाला नसेल.

आणि बघा हं, त्याच १९८७ च्या फायनलनंतर कॉन स्माइथ ट्रॉफी मिळाली हरलेल्या फिलाडेल्फियाच्या गोलकीपरला, रॉन हेक्स्टॉलला. ही कॉन स्माइथ म्हणजेच ती, मॅकडेव्हिड घ्यायला आला नाही ती. फक्त प्लेऑफ्सच्या खेळासाठी, १९६५ पासून. बहुतेक वेळा जिंकलेल्या टीममधल्याच कोणाला जाते. ऑइलर्सचं खातं बघा, १९८४ मेसिए, ८५ आणि ८८ ग्रेट्झ्की, ९० बिल रॅनफर्ड, चारही वेळा कप हातात असताना. १९८८ ला तर बोस्टनमधे चौथ्या मॅचच्या मधेच स्टेडियमची वीज गेली, मॅच ३-३ वर सोडून द्यावी लागली आणि दोन दिवसांनी एडमंटनमधे कपाचा निकाल लागला, मग ग्रेट्झ्कीने सगळ्यांना बर्फावरच बसवून कपासोबत ग्रुप फोटो काढला, आता प्रत्येक विजेती टीम तसा फोटो काढते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ९ ऑगस्टला, त्याला लॉस एंजेलिसला विकून टाकलं, आणि तो विषय एडमंटनमधे कोणासमोर काढू नये असं दादाने मला बजावलंय.

हरलेल्या टीममधल्या खेळाडूला कॉन स्माइथ मिळायची मॅकडेव्हिडची २०२४ ची सहावी वेळ. ०-३ ने मागे पडलेली फायनल त्यांनी ३-३ वर आणली होती, त्याच्या प्लेऑफ्समधे ४२ पॉइंट्स, त्यातले ३४ असिस्ट, ग्रेट्झ्कीचा १९८८ चा ३१ चा रेकॉर्ड मोडला. ट्रॉफी त्याचीच होती यात वादच नाही. पण आपण २००३ चा वर्ल्ड कप आठवून बघू. सचिन ६७३ रन्स करून स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू, फायनल ऑस्ट्रेलियाने नेलेली, आणि हातात सोनेरी बॅट घेऊन उभा असलेला त्याचा तो चेहरा. सचिन गेला स्टेजवर, मॅकडेव्हिड नाही गेला, पण दोघांच्या मनात वेगळं काही असेल असं मला नाही वाटत.

एक ट्रॉफी राहिलीच, आणि तिची तऱ्हाच वेगळी. फायनलला पोचलेल्या दोन टीम्सना आपापल्या कॉन्फरन्सची, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी आपल्या गटाची, ट्रॉफी मिळते, ऑइलर्सच्या बाजूची क्लॅरेन्स कॅम्पबेल बोल. आपल्याकडचं उत्तेजनार्थ म्हणा. बक्षीस आहे, पण हात लावायचा की नाही यावरून बर्फावर चर्चा होते! समज असा की ही उचलली की खरा कप हातचा जातो. काही कॅप्टन हात मागे बांधून फोटो काढतात. २०२४ मधे ऑइलर्सनी तिला हात लावला नाही, फायनल हरले. २०२५ मधे मॅकडेव्हिड म्हटला असेल गेल्या वेळी तसं करून काय मिळालं, सरळ हात लावला, आणि परत पँथर्सकडूनच हरले, या वेळी सहा मॅचेसमधे. एकूण सोवळं पाळलं तरी तेच आणि मोडलं तरी तेच.

परवा दादाशी बोलताना मी त्याला सगळं मोजून दाखवलं, की २०२५ पर्यंत तुमच्या मॅकडेव्हिडच्या एकट्याच्या पाच आर्ट रॉस, तीन हार्ट, चार टेड लिंडसे, एक रिशार, एक कॉन स्माइथ, अजून काय पाहिजे माणसाला. तो म्हणाला, टोरांटोला आलास की कप दाखवतो तुला, १९८४ ची जागा शोध. पट्टी अजून कपावर आहे, पण अजून एकदा वरची पट्टी काढली की पुढचा तिचा नंबर, मग पाचच्या पाच कप कपावरून उतरून म्युझियमच्या कपाटात जाणार. बेसिलचं नाव त्या सोळा एक्सखाली का होईना, पण आहे तिथे. मॅकडेव्हिडचं अजून नाही.